मामीजींचे वाईनचे रांजण

गोंदिया जिल्ह्यात दारूची सगळ्यात जास्त मडकी कोणी फोडली, आणि दारूसाठी सगळ्यात मोठी मडकी कोणी घडवली, असे दोन प्रश्न कोणी विचारले तर दोन्हींचं उत्तर एकच बाई आहे, आणि ती बाई माझी सासू आहे. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात. बाकीच्यांच्या मामीजी जावई आला की डोक्यावर पदर घेऊन आत जातात. आमच्या मामीजी जावई आला की त्याला अंगणात उभं करून त्याचे पाय बघतात. पाय रुंद असला की माणूस कामाचा, असं त्यांचं पक्कं मत, कारण रुंद पायाने माती चांगली तुडवली जाते. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना सगळे जण माझ्या विम्याच्या कामाबद्दल विचारत होते आणि ही बाई एकटक माझ्या चपलेकडे पाहत होती, ते मला तेव्हा विचित्र वाटलं. उलगडा पहिल्या दिवाळीला झाला. नवा शर्ट, नवी पॅन्ट, कपाळाला टिळा अशा थाटात मी गोंदियाहून पॅसेंजरने आमगावला उतरलो आणि सासुरवाडीला पोचलो. मामीजी दारातच म्हणाल्या, "जवाईबापू, पाय धुवून घ्या." मला वाटलं ताट वाढलं असेल. पाय धुतले. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पॅन्ट वर करा न मातीत उतरा. कालपासून भिजून रायली." बोलण्यात मान पुरेपूर होता. एकदाही त्यांनी मला अरे-तुरे केलं नाही. पण दुपारपर्यंत मला मातीतून वर येऊ दिलं नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत सहानुभूती होती, आणि आज आपली सुटका झाली याचं समाधानही होतं.

मामीजींची उंची माझ्या छातीपर्यंत येते. आवाज मात्र गावाच्या तळ्याच्या या काठावरून त्या काठापर्यंत जातो. कुंभाराच्या घरात चाक पुरुषाचं आणि थापी बाईची, अशी वाटणी असते. मामाजी चाकावर घागरी, माठ, पणत्या काढायचे. पण चाकावर न मावणारी मोठी भांडी, म्हणजे धान्याच्या कोठ्या आणि रांजण, ती मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवून, आतून दगडाचा गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकून ठोकून वाढवायची असतात, आणि ते काम मामीजींचं. त्यांच्या सासूने त्यांना ते शिकवलं होतं. गावात त्यांच्याइतकं मोठं भांडं करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट मामीजींनी कोणाला विसरू दिली नाही. कोणाच्याही घरी गेल्या की आधी पाण्याचा माठ बघायच्या. माठ आपल्या हातचा असेल तर बसायच्या, चहा घ्यायच्या. नसेल तर उभ्यानेच बोलून निघायच्या. गिऱ्हाईक आलं की पैसे घेण्याआधी त्याची चौकशी व्हायची. माठ कुठे ठेवणार, सावलीत का उन्हात, खाली वाळू आहे का, घरात आदळआपट करणारं कोणी आहे का. एका गुरुजींना त्यांनी माठ दिला नव्हता, कारण गुरुजींनी खरं सांगून टाकलं की माठ गच्चीवर ठेवणार. "मंग पिलास्टिकचा ड्रम घेऊन जा. तो उन्हात ठेवा नाईतर आगीत, त्याले काई कळत नाही."

गावातलं एक वयस्क माणूस वारलं तेव्हाची गोष्ट सगळे अजून सांगतात. तिरडीपुढे धरायचं मडकं कोणी तरी घाईघाईत बाजारातून आणलं होतं. मामीजी बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या उठल्या, मडकं उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे कच्चं आहे. मसनात पोचाच्या आंधीच फुटन. बुढा जनमभर माया मडक्यातलं पानी पेला, आता जाताना त्याले असं मडकं काऊन?" आणि घरी जाऊन आपलं मडकं घेऊन आल्या. तोवर सगळी अंत्ययात्रा खोळंबली. वारलेल्याचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "मामी बराबर बोलून रायली." तिरडी मग निघाली.

एकदा गोंदियाजवळ मुर्रीला नात्यातलं लग्न होतं आणि मामीजींनी आहेर म्हणून मोठा माठ घेतला होता. गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर माठ बसवला. टी.सी. आला. गोंदियाच्या गाड्यांत सगळा कारभार हिंदीत, आणि मामीजींची हिंदी ही त्यांनी स्वतः घडवलेली. तो म्हणाला, "अम्मा, ये सीट पे क्यों रखा है?" मामीजी म्हणाल्या, "नीचे रखी तो तुमारे सरीका कोनी लात मारके जाएगा." तो म्हणाला, "तो इसका भी टिकट लगेगा." यावर त्यांनी त्याला माठ उचलून बघायला सांगितला, बोटांनी वाजवून बघायला सांगितला, आणि घरी पाणी कशात ठेवता हेही विचारलं. गोंदिया येईपर्यंत तो माणूस आमच्याजवळ उभा होता. पुढच्या महिन्यात तो आमगावला उतरून माठ घेऊन गेला.

दारूशी त्यांचं वैर कसं सुरू झालं, तेही याच जातीचं. मामाजींनी जन्मात दारूला हात लावला नाही. ते बोलण्यालाही फारसा हात लावत नाहीत. आठवड्यातून एखादं वाक्य, तेही जेवणाबद्दल. पण एका उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आधी, अंगणभर घागरी वाळत घातल्या होत्या, आणि गावातलाच एक माणूस मोहाची पिऊन झुलत आला, तोल गेला, घागरींवर पडला, आणि तिथेच झोपी गेला. मामीजींनी त्याला उठवलं नाही. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याला नवी माती तुडवायला लावली आणि संध्याकाळी जेवू घालून पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या बायका गोळा केल्या आणि दारूबंदी महिला मंडळ सुरू केलं. दारूने संसार मोडतात हे त्यांना त्या बायकांनी सांगितलं. दारूने मडकी मोडतात हे त्यांना आधीच कळलं होतं. पण बायकांनी एकेक करून जे सांगितलं ते ऐकल्यावर त्या घागरींबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांचा राग तिथून खरा झाला.

नाल्याच्या काठी, पळसाच्या झुडपांत, मोहाची दारू काढायच्या चोरट्या भट्ट्या असायच्या. कुंभाराच्या भट्टीला आमच्याकडे आवा म्हणतात, नाहीतर मामीजी एक भट्टी पेटवतात आणि दुसरी विझवतात असं म्हणावं लागलं असतं. मंडळ तिथे जायचं, पुढे मामीजी, हातात काठी, मागे मंडळातल्या शेवंताबाई आणि बाकीच्या बायका. मोहफुलं सडत घातलेली मडकी रांगेने मांडलेली असायची, आणि त्यातली अर्धी मामीजींच्या घरचीच असायची, कारण गावात दुसरी मडकी येणार कुठून. त्या एकेक मडकं वाकून बघायच्या. "हे आमच्या घरचं आहे. याले कोनी हात नका लावू." बायका थांबायच्या. मग मामीजी स्वतः ते मडकं फोडायच्या. आणि भट्टीवाला सापडला तर त्याला दारूबद्दल एक शब्द न बोलता विचारायच्या, "पानी भराले पाहिजे मनून मडकं नेलं होतं ना तू?" ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागायची.

हळूहळू मोठ्या भांड्यांचं काम संपलं. धान्याला पत्र्याच्या कोठ्या आल्या, पाण्याला प्लास्टिकच्या टाक्या. घागरी आणि पणत्या चालू होत्या, पण रांजण कोणी मागेना. मोठी थापी खुंटीवर लटकलेली असायची. मामीजी येता-जाता तिच्यावरची धूळ पुसायच्या. त्याबद्दल त्या काही बोलत नव्हत्या, आणि न बोलणं हा त्यांचा स्वभाव नसल्यामुळे आम्हा सगळ्यांना ते जाणवायचं.

आणि मग वाईनवाली आली. नाशिककडे तिचा द्राक्षाचा मळा आणि वाईनचा लहानसा कारखाना आहे, पस्तिशीची असेल. वाईनसाठी जांभळं विकत घ्यायला ती आमच्या जंगलपट्ट्यात फिरत होती. एका ढाब्यावर तिने मामीजींचा जुना रांजण पाहिला आणि विचारत विचारत घरापर्यंत पोचली. मी त्या दिवशी सासुरवाडीलाच होतो, आणि दोन मराठींच्या मध्ये मला दुभाषी म्हणून बसवण्यात आलं, कारण एकीची मराठी दुसरीला अर्धीच कळत होती.

"मावशी, मला असे सहा रांजण हवेत. तुमच्या खांद्याएवढे उंच. खाली निमुळते," वाईनवाली म्हणाली.

"कायले पाहिजे?"

"वाईन करायला. आणि मुरवून ठेवायला."

मामीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दारूच एक प्रकारची. द्राक्षाची."

"नाही हो, दारू नाही," वाईनवाली घाईने म्हणाली. "फळांचा रस असतो. आंबवलेला."

"तो रस पेऊन मानूस नालीत पडते का नाही पडत?"

वाईनवालीने थोडा विचार केला. "जास्त प्यायला तर पडतो," ती म्हणाली.

"मंग दारूच आहे. खोटं कायले बोलता." पण मामीजींचा आवाज मऊ झाला होता. खरं बोलणारं माणूस त्यांना आवडतं. त्यांनी तिला जेवू घातलं, लग्न झालं का, मुलं किती, एवढ्या लांब एकटी कशी आली, सगळं विचारलं, आणि निरोप देताना स्पष्ट सांगितलं की त्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष आहेत, त्यांच्या हातून हे काम होणार नाही. वाईनवाली उठली. जाता जाता तिने सांगितलं की परदेशातून मागवलेले रांजण वाटेत तडकले. आणि शहरातल्या एका मोठ्या मातीकाम करणाऱ्याने तिला सांगितलं होतं की एवढं भांडं, आणि तेही थेंबभर न पाझरणारं, आपल्या मातीत होत नाही.

"काय होत नाही?" मामीजींनी विचारलं.

"असं ते म्हणाले. आपली माती पाझरते. माठासाठी बरी, वाईनसाठी नाही."

ती गेली. त्यानंतरचे दिवस माहेरी राहिलेल्या बायकोने मला फोनवर सांगितले. मामीजींनी दोनदा भाजीत मीठ घातलं, आणि एकदा घातलंच नाही. जन्मभर त्यांनी पाझरणारी भांडी केली होती. माठ पाझरतो म्हणून तर पाणी थंड होतं. न पाझरणारं भांडं हा त्यांना कधी कोणी विचारलेला प्रश्नच नव्हता, आणि आता तो विचारून, वर होत नाही असं उत्तरही देऊन, एक बाई निघून गेली होती. आठवड्याने त्यांचा फोन आला. फोनवर त्या एवढ्या मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी गोंदियाला ऐकू आलं असतं. "जवाईबापू, त्या वाईनवालीचा नंबर द्या. अन् येताना रुंद पायाचं कोनी दोस्त असन त घेऊन या."

पण आधी त्यांनी मंडळाच्या बायकांना अंगणात बोलावलं. मी ओसरीवर मामाजींच्या शेजारी बसलो होतो. मामीजींनी आडपडदा न ठेवता सांगितलं की त्या वाईनचे रांजण करणार आहेत. शेवंताबाई उठल्या. त्यांच्या नवऱ्याची दारू सुटायला किती वर्षं लागली हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"तू दारूचं भांडं करशीन, न आमी भट्ट्या फोडाच्या?" त्या म्हणाल्या.

"तिकडे सरकारचं लायसन आहे," मागून कोणी तरी म्हणालं.

"नालीत पडते तवा मानूस लायसन पाहून पडते का?" शेवंताबाईंनी विचारलं.

हे तर मामीजींचंच बोलणं होतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "शेवंता, तुयं बराबर आहे. मले याचं उत्तर देता नाही येत. पन हे काम मले करूनच पाहाचं आहे. दोन्ही माया हातून होनार नाही, त आजपासून मंडळाची अध्यक्ष तू हो." आणि खरंच आत जाऊन त्यांनी ती काठी आणली आणि शेवंताबाईंच्या हातात दिली. बायका एक एक करून निघून गेल्या. कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर मामीजींना सोपं गेलं असतं.

बातमी नाल्यापर्यंत गेली. एक जुना भट्टीवाला, ज्याची मडकी त्यांनी आयुष्यभर फोडली होती, तोंडभर हसत आला. "मामी, आता त आपन एकाच धंद्याचे. मलेही एक रांजण करून दे." मामीजींनी त्याला बसायला सांगितलं, आणि मग पाय धुवायला सांगितलं. तो माणूस त्या दिवशी किती माती तुडवून गेला ते त्यालाच माहीत. पुन्हा आला नाही.

पहिला रांजण आव्यातच तडकला. दुसरा वाळतानाच गेला, बुडापासून तोंडापर्यंत केसासारखी रेघ. तिसरा आव्यातून नीट निघाला, सगळ्यांनी श्वास सोडला, आणि पाणी भरल्यावर सकाळी पाहिलं तर माठासारखा ओलाचिंब. मामीजी त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या, बाहेरून हात फिरवला, ओला हात लुगड्याला पुसला. रागावल्या नाहीत. मला त्याचीच धास्ती वाटली. बायको म्हणाली, "आई, सोड आता, त्या बाईला कळवून टाकू." त्यावर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की बायको भांडी घासायला निघून गेली.

तेव्हा मामाजी बोलले. त्या आठवड्याचं त्यांचं वाक्य बाकी होतं. "कवेलू कुटून टाक," ते म्हणाले आणि परत गप्प झाले.

गावात स्लॅबची घरं होत होती आणि उतरवलेल्या जुन्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, ढीग जागोजागी पडले होते. मामीजींनी ती कवेलू आणली, कुटली, चाळली आणि तळ्याच्या मातीत मिसळली. एकदा भाजलेल्या मातीची ती भुकटी, तिने नवी माती वाळताना तडकत नाही, हे मामाजींच्या आईला माहीत होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी मामीजी सगळ्यांना सांगत होत्या की कवेलूची गोष्ट त्यांनाच सुचली. मामाजींनी ते ऐकून मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांना बोलण्याची गरज का पडली नसेल, ते मला तेव्हा कळलं.

पाझरण्याचा प्रश्न उरलाच होता. वाईनवालीने फोनवर सांगितलं की बाहेरच्या देशांत आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात देतात. मेण आमच्या जंगलात हवं तेवढं. मध काढणाऱ्यांकडून ते आलं. पण मेण लावायचं ते भाजलेला रांजण अंगाला सोसेल इतका गरम असताना, आणि आतून, बुडापर्यंत. मामीजींनी दुसऱ्या कोणाला ते करू दिलं नाही. रांजण आडवा करायचा, त्या डोक्यापासून कमरेपर्यंत आत, बाहेर फक्त दोन पाय. कवेलू घालून भाजलेल्या पहिल्या रांजणाला असं मेण लावणं चालू असताना एकदा सरपंच कुठल्याशा कामाने आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी त्या पायांशी बोलायला सुरुवात केली. आतून घुमून उत्तरं येत होती. सरपंच समाधानाने गेले. मामीजींनी बाहेर येऊन विचारलं, "कोन होतं?"

आधीचे एकेक रांजण होते तिथेच, त्यांच्याभोवती आवा रचून भाजले होते, पण मोठा आवा रचायचा तर खांद्याएवढे सहा रांजण उचलून नेमके मांडावे लागतात, आणि मी, मामाजी आणि माझा रुंद पायाचा दोस्त मिळून एकही हलेना. ओले नसले तरी कच्चे होते, जरा धक्का लागला की गेले. मामीजी कोणाला बोलवायला तयार नव्हत्या. आम्ही तसेच उभे होतो तेव्हा फाटकातून शेवंताबाई आल्या, मागे मंडळाच्या बायका. मामीजी सरळ उभ्या राहिल्या. शेवंताबाईंनी पदर खोचला.

"आमी रांजण उचलाले आलो," त्या म्हणाल्या. "वाईन उचलाले नाही."

"मी काई मनली का?" मामीजी म्हणाल्या.

"नाही मनली मनूनच आलो. कुठून धराचं ते सांग."

बायकांनी रांजणांखाली दोऱ्या आणि धोतरं घातली आणि लेकरू उचलावं तसे ते उचलले. भोवती विटा रचल्या, तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घातलं, राइस मिलचा कोंडा ओतला. आवा तीन दिवस धुमसला. त्या दिवसांत मामीजींनी घरात पाय ठेवला नाही. अंगणातच जेवण, अंगणातच डुलकी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "लांबून जा, पाय आपटू नका."

आवा उघडला. सहाही रांजण उभे होते, पिकलेल्या विटेच्या रंगाचे, पोटावर मामीजींच्या थापीचे हलके ठसे, आणि गळ्याखाली त्यांनी बोटाने काढलेली भाताच्या लोंबीची ओळ. मेण झालं, पाणी भरलं. सकाळी मामीजींनी एकेकाच्या पोटावरून हात फिरवला. कोरडा. दुसरा कोरडा. सहावा झाल्यावर त्यांनी हात स्वतःच्या गालाला लावून पुन्हा खात्री केली. मग वळून शेवंताबाईंना म्हणाल्या, "पाह, आपल्या मातीत होत नाही मने." त्यात गर्व होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. शेवंताबाईंनीही हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "कोरडा आहे." मी विम्याच्या धंद्यात खूप कागदांवर सह्या पाहिल्या आहेत, एवढी भक्कम सही कुठे पाहिली नाही.

रांजण ट्रकने नाशिककडे गेले. मामीजी पुढेही मंडळाच्या फेरीला जात राहिल्या, पण आता मागच्या रांगेत, काठीशिवाय. शेवंताबाई पुढे. कोणी त्यांना पुढे ये म्हटलं तर म्हणायच्या, "इथूनच बरं दिसते."

पुढच्या हंगामात वाईनवालीचं बोलावणं आलं. मामाजी म्हणाले, "तू जा." मी मामीजींना घेऊन गेलो. एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या. वाटेत त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली, की रांजण सावलीत ठेवले असतील ना. कारखाना म्हणजे द्राक्षाच्या मळ्यात एक उंच, थंड शेड. आम्ही आत गेलो. मामीजींनी चारही बाजूंना पाहिलं. रांजण नव्हते. जमिनीवर वाळू पसरलेली, आणि वाळूतून सहा गोल तोंडं वर आलेली, त्यावर झाकणं.

"माये रांजण कुठी आहे?"

"हेच की मावशी," वाईनवाली आनंदाने म्हणाली. "गळ्यापर्यंत पुरले आहेत. जमिनीत गारवा एकसारखा राहतो."

मामीजी खाली बसल्या आणि एका तोंडाभोवतीची वाळू बोटांनी बाजूला करू लागल्या. लोंबीची ओळ जरा दिसली. त्याखालचं पोट, ज्याला गुळगुळीत करायला त्यांनी दिवसचे दिवस घातले होते, ते आता कोणाला दिसणार नव्हतं. वाईनवालीच्या लक्षात आलं. ती चपापून म्हणाली, "मावशी, मी आधी सांगायला हवं होतं. एक रांजण वर काढून दाराशी ठेवू या का? लोक बघतील, तुमचं नाव सांगीन मी."

मामीजींनी वाळू परत सारखी केली. "कायले?" त्या म्हणाल्या. "कामाचं भांडं आहे ते, काम करू द्या त्याले. देखाव्याले ठेवाल त मी स्वतः येऊन फोडीन. मले फोडाची सवय आहे."

वाईनवालीने एक झाकण उघडलं. आत गडद, जांभळा रस. तिने पेला पुढे केला. मामीजींनी मान हलवली. मग काय मनात आलं, त्या दोन्ही हात वाळूत टेकून ओणवल्या आणि रांजणाच्या तोंडाला कान लावला. आत रस आंबत होता. बुडबुडे उठत होते, फुटत होते, आणि तो बारीक आवाज रांजणाच्या पोटात घुमत होता. मामीजी तशाच बराच वेळ राहिल्या. लुगडं वाळूने भरलं. कान काढला तेव्हा त्यांनी मला खूण केली, तुम्हीही ऐका. मी ऐकलं. "बोलून रायला," त्या हळूच म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर अकोल्याकडची एक बाई होती. तिने गप्पा काढल्या. "तुम्ही काय करता मावशी?"

"कुंभारीन आहो."

"अरे वा. काय काय बनवता?"

"रांजण."

"फोटो आहे का? दाखवा ना."

आव्यासमोरचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. मी खिशात हात घातला, पण मामीजींनी माझ्या हातावर हात ठेवला. "जमिनीत आहे ते," त्यांनी त्या बाईला सांगितलं. "दिसत नाही." त्या बाईला काही कळलं नाही, ती हसली आणि आपल्या मुलाकडे वळली.

मामीजी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. कापसाची शेतं मागे जात होती, आपला भाताचा मुलूख अजून लांब होता. मग त्यांनी विचारलं, "किती साल टिकतीन मने ते?"

मी म्हणालो, "ती म्हणत होती, बाहेरच्या देशात असे रांजण शेकडो वर्षांचे आहेत. अजून वापरात आहेत."

त्यांनी त्यावर विचार केला. "मंग मी नसन, तवाही बोलत असतीन," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "डबा काढा जवाईबापू. जेवून घेऊ."

मी डबा काढला.